माल जागेवर, नाव सातासमुद्रापार

२०१७ साली लंडनच्या मॅरिलेबोन भागातल्या एका इमारतीला नवे मालक मिळाले: ब्रिटनचे माजी पंतप्रधान टोनी ब्लेअर आणि त्यांच्या पत्नी, नामांकित वकील चेरी ब्लेअर. किंमत ६४ लाख ५० हजार पौंड. एवढ्या किमतीच्या खरेदीवर ब्रिटनमध्ये सुमारे ३ लाख १२ हजार पौंड मुद्रांक शुल्क पडलं असतं. ते भरावं लागलं नाही, कारण कायद्याच्या नजरेत इमारत विकलीच गेली नव्हती. ती ब्रिटिश व्हर्जिन बेटांवर नोंदलेल्या एका कंपनीच्या मालकीची होती आणि ब्लेअर दांपत्याने ती कंपनीच विकत घेतली. इमारतीची मालकीण आधीही तीच कंपनी, नंतरही तीच. बदलले ते कंपनीचे भागधारक.

ही बातमी ऑक्टोबर २०२१ मध्ये ‘पँडोरा पेपर्स’ या फुटलेल्या कागदपत्रांतून बाहेर आली. कंपनीमार्फतच विकायचं हा आग्रह विक्रेत्यांचा होता, आपण नंतर ती कंपनी बंद करून इमारत ब्रिटनच्या करव्यवस्थेत आणली, असं ब्लेअर दांपत्याने सांगितलं. व्यवहारात बेकायदा काही नव्हतं. मला थक्क केलं ते वेगळ्याच गोष्टीने. विटा, जिने, खिडक्या लंडनमध्ये. समोरचा रस्ता, त्यावरचा दिवा, खालची सांडपाण्याची वाहिनी, चोर आला तर धावून येणारा पोलीस, हे सगळं तिथल्या करदात्यांच्या पैशातून. अटलांटिक ओलांडून गेलं होतं ते केवळ एक नाव.

करस्वर्ग म्हटलं की डोळ्यांपुढे माडांची रांग, निळं पाणी आणि आत कुठेतरी नोटांनी खच्चून भरलेली तिजोरी येते. त्या चित्रातली तिजोरी काढून टाका. बेटावर पैसा जवळजवळ नसतोच. असं समजा की शेत तुमच्या गावातच आहे, विहीर तिथेच, पीकही तिथेच उभं राहतं. पण सातबारा मात्र अशा दूरच्या चावडीत ठेवलाय जिथल्या तलाठ्याला तो कोणालाही दाखवायची बंदी आहे. शेत सगळ्यांना दिसतं. ते कोणाचं, हे कोणीच सांगू शकत नाही. गेली शंभर वर्षं जगातले श्रीमंत आणि सत्ताधारी हाच सातबारा कुठे ठेवायचा याची कला घडवत आले आहेत.

या चावड्या कशा दिसतात? केमन बेटांची राजधानी जॉर्ज टाउन. तिथे अगलँड हाउस नावाची पाच मजली इमारत आहे. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण यंत्रणेने २००८ मध्ये मोजदाद केली तेव्हा या एका पत्त्यावर १८,८५७ कंपन्या आणि तत्सम संस्था नोंदलेल्या निघाल्या. हा आकडा मोठा वाटत असेल तर अमेरिकेतच चला. डेलावेअर राज्यातल्या विल्मिंग्टन शहरात १२०९ नॉर्थ ऑरेंज स्ट्रीट या पत्त्यावर एक एकमजली इमारत आहे. तिच्या दारावर २०१२ च्या सुमारास २ लाख ८५ हजार कंपन्यांचा कायदेशीर पत्ता होता. ना समुद्र, ना माड. ब्रिटिश व्हर्जिन बेटांवर माणसं तीसेक हजार आणि कंपन्या साडेतीन लाखांहून जास्त.

हे जमतं कसं, याचा माग काढत गेलं की आपण पोचतो लंडनच्या व्हाइटचॅपेल भागातल्या एका बूट बनवणाऱ्याच्या दुकानात. आरन सॉलोमन त्याचं नाव. त्याने आपला चालता धंदा स्वतःच काढलेल्या कंपनीला विकला. कंपनीला सात भागधारक लागत, म्हणून तो स्वतः, बायको आणि पाच मुलं. एकूण शेअर २०,००७. त्यातले २०,००१ सॉलोमनचे, बाकीच्यांचा एकेक. कंपनी बुडाली. धनको म्हणाले, कंपनी कसली, हा तर सॉलोमनच! १८९६ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिला: नाही, कायद्याने कंपनी ही वेगळी व्यक्ती आहे. सॉलोमन वेगळा, सॉलोमनची कंपनी वेगळी.

या निकालाने उद्योगजगत उभं केलं, हे मान्यच करायला हवं. कारखाना बुडाला तर घरातली भांडीकुंडी जप्त होणार नाहीत, या भरवशावरच अनोळखी माणसं एकत्र भांडवल घालतात. पण एकदा कागदावर व्यक्ती जन्माला घालता आली की तिचा जन्म कुठे नोंदवायचा, हेही तिच्या जन्मदात्याच्या हातात आलं. १९२९ मध्ये पुढचा धागा विणला गेला. इजिप्तमध्ये जमिनी असलेली एक कंपनी नोंदलेली लंडनमध्ये होती, तिचा कारभार मात्र कैरोतून चाले. हिच्यावर ब्रिटनचा कर लागतो का? हाउस ऑफ लॉर्ड्सने सांगितलं, नाही. कारभार चालतो तिथली ती रहिवासी. म्हणजे एका देशात जन्म, दुसऱ्या देशात वास्तव्य आणि मालमत्ता तिसऱ्याच देशात, असं करता येऊ लागलं. पुढे स्वित्झर्लंडने १९३४ च्या बँकिंग कायद्यात खातेदाराचं गुपित फोडणं हा गुन्हा ठरवला. १९६० च्या दशकात केमन, १९८४ मध्ये ब्रिटिश व्हर्जिन बेटं अशा एकेका प्रदेशाने परक्यांसाठी खास कंपनी कायदे केले. आजच्या नकाशावर बोट फिरवलं तर केमन, बर्म्युडा, व्हर्जिन बेटं, जर्सी, गर्न्सी, आइल ऑफ मॅन, या सगळ्यांवर ब्रिटिश राजमुकुटाची छाया दिसते. मावळत्या साम्राज्याच्या हाती उरलेली बेटं कागद सांभाळण्याच्या धंद्यात उतरली.

एक कंपनी पुरेशी नसते. व्हर्जिन बेटांवरच्या कंपनीचे शेअर पनामातल्या प्रतिष्ठानाकडे, त्याचे हक्क जर्सीतल्या ट्रस्टकडे, आणि कंपनीची संचालक म्हणून सही करणारी बाई ज्या वकिली कचेरीने कंपनी विकली तिथलीच एक कर्मचारी. मोसॅक फोन्सेका या पनामातल्या कचेरीत अशा मोजक्या कर्मचाऱ्यांच्या नावावर हजारो कंपन्यांची संचालकपदं होती. ट्रस्ट तर याहून विलक्षण. मालमत्ता मी विश्वस्ताच्या हवाली करायची, फळं माझ्या मुलांनी खायची. मग मालक कोण? मी तर दिली. विश्वस्त म्हणतो, मी केवळ सांभाळतो. मुलं म्हणतात, आमच्या नावावर काही नाही. कर मागायला आलेला अधिकारी तीन दारं ठोठावतो आणि तिन्ही दारांत त्याला खरंच उत्तर मिळतं. अमेरिकेच्या गवताळ पठारावरच्या साउथ डकोटा राज्याने १९८३ मध्ये ट्रस्टच्या आयुष्यावरची मर्यादाच काढली. आता तिथला ट्रस्ट पिढ्यान् पिढ्या, तत्त्वतः अनंत काळ चालू शकतो. पँडोरा पेपर्समध्ये जगभरच्या धनिकांचे ट्रस्ट सापडले ते समुद्रापासून शेकडो मैल दूर, या राज्यात.

कायदा इथे एक रेघ ओढतो. उत्पन्न दडवणं ही करचुकवेगिरी, तो गुन्हा. कायद्याने मोकळ्या ठेवलेल्या वाटेने कर कमी करणं हा गुन्हा नाही. पण रेघेच्या दोन्ही बाजूंची अवजारं अगदी तीच असतात: तीच कंपनी, तोच पत्ता, तीच सही करणारी बाई. बहुतेक वेळा फरक एवढाच, की घरच्या कर अधिकाऱ्याला ती गोष्ट सांगितली की नाही. बाहेरून पाहणाऱ्याला हा फरक दिसत नाही, आणि सगळी सार्वजनिक चर्चा इथेच अडखळते.

तिला खरी धार आली ३ एप्रिल २०१६ रोजी, ‘पनामा पेपर्स’ प्रसिद्ध झाले तेव्हा. जर्मनीतल्या ‘झ्युडडॉयचे त्साइटुंग’ या दैनिकाच्या बास्टियान ओबरमायर यांना एका अनामिकाने मोसॅक फोन्सेकाची कागदपत्रं पाठवायला सुरुवात केली होती. येता येता ती १ कोटी १५ लाख झाली. दोन लाख चौदा हजारांहून अधिक कंपन्या आणि ट्रस्ट त्यात होते, निम्म्याहून जास्त ब्रिटिश व्हर्जिन बेटांवरचे. एका वृत्तपत्राला हे झेपणारं नव्हतं. शोधपत्रकारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेमार्फत जगभरातले सुमारे पावणेचारशे पत्रकार जवळपास वर्षभर त्यावर काम करत राहिले. भारतातून ‘इंडियन एक्स्प्रेस’ त्यात होता. बातमी हे ज्यांचं भांडवल, अशा स्पर्धक वृत्तपत्रांच्या माणसांनी तोंडातून अवाक्षर न काढता एकमेकांची कागदपत्रं तपासली. कंपन्या गुप्त ठेवण्याच्या धंद्याला उत्तर मिळालं तेही गुप्तता पाळूनच!

पहिला तडाखा बसला आइसलँडला. सव्वातीन लाखांच्या आसपास लोकवस्तीचा देश. २००८ मध्ये त्याच्या तिन्ही मोठ्या बँका काही दिवसांत कोसळल्या होत्या, संसार उघड्यावर आले होते. पंतप्रधान सिग्मुंडुर दाव्हीद गुनलाउगसन निवडून आले तेच बँकांच्या परदेशी धनकोंना ठणकावणारा नेता म्हणून. आता कागदांतून दिसलं की त्यांच्या आणि पत्नीच्या नावे व्हर्जिन बेटांवर ‘विंट्रिस’ नावाची कंपनी होती, आणि कोसळलेल्या त्याच बँकांकडून या कंपनीचं मोठं येणं होतं. म्हणजे धनकोंशी वाटाघाटी करणाऱ्या सरकारच्या प्रमुखाचं कुटुंब स्वतःच धनकोंच्या रांगेत. आपला अर्धा हिस्सा त्यांनी पत्नीला एका डॉलरला विकला होता, ३१ डिसेंबर २००९ रोजी. खासदारांनी हितसंबंध जाहीर करण्याचे नवे नियम दुसऱ्या दिवसापासून लागू होणार होते. स्वीडिश दूरचित्रवाणीच्या मुलाखतीत विंट्रिसचं नाव निघाल्यावर ते उठून गेले. ४ एप्रिलला रेक्याविकमध्ये संसदेसमोरच्या चौकात हजारो लोक जमले. ५ तारखेला पंतप्रधानपद सोडत असल्याचं जाहीर झालं.

सगळा कर भरला आहे, हे त्यांचं म्हणणं होतं. आइसलँडच्या माणसांना ते पुरलं नाही, आणि मला वाटतं त्यांनी या साऱ्या वादाचा गाभा चौकात उभं राहून बरोबर ओळखला होता. टेबलाच्या एका बाजूला बसलेला माणूस दुसऱ्या बाजूलाही नाव बदलून बसला आहे, हे कळण्याचा हक्क त्यांना हवा होता. कराची रक्कम हा त्यानंतरचा प्रश्न.

पाकिस्तानात तत्कालीन पंतप्रधान नवाझ शरीफ यांच्या कुटुंबाचे लंडनच्या पार्क लेनवरचे फ्लॅट असेच व्हर्जिन बेटांवरच्या कंपन्यांच्या नावे निघाले. खुलाशादाखल दिलेल्या ट्रस्टच्या कागदावर तारीख होती फेब्रुवारी २००६ ची, आणि टंक होता कॅलिब्री, जो सर्वसामान्यांना २००७ मध्ये मिळू लागला. अक्षरांच्या वळणाने तारखेवर शंका घ्यावी, असं चौकशीच्या इतिहासात क्वचितच घडलं असेल. जुलै २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शरीफ यांना अपात्र ठरवलं ते मात्र वेगळ्या कारणाने: अमिरातीतल्या एका कंपनीकडून येणं असलेलं वेतन त्यांनी जाहीर केलं नव्हतं. फ्लॅटच्या खटल्यात नंतर झालेल्या शिक्षाही पुढे रद्द झाल्या. माल्टात डाफ्नी कारुआना गालिझिया ही पत्रकार देशातल्या सत्ताधाऱ्यांच्या पनामातल्या कंपन्यांबद्दल हे पेपर्स फुटण्याआधीपासून लिहीत होती. १६ ऑक्टोबर २०१७ रोजी गाडीत पेरलेल्या बॉम्बने तिचा जीव घेतला. कंपन्यांच्या नोंदी हा रूक्ष विषय आहे असं कोणी म्हटलं की मला तिची आठवण होते.

आपल्याकडे हे सगळं आलं ते मॉरिशसच्या वाटेने. कोकणातून गेलेल्या मराठी मजुरांचे वंशज ज्या बेटावर राहतात, जिथे गणेशचतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते, त्या मॉरिशसशी भारताने १९८२ मध्ये करार केला. एकाच उत्पन्नावर दोन्हीकडे कर पडू नये हा हेतू. त्यात एक कलम असं, की मॉरिशसच्या रहिवाशाने भारतातले शेअर विकून नफा कमावला तर कर लावायचा तो मॉरिशसने. आणि मॉरिशस असा कर लावतच नव्हतं. १९९१ नंतर भारताची दारं उघडली तेव्हा जगभरचं भांडवल पोर्ट लुईमध्ये कंपनी नोंदवून आत येऊ लागलं. या शतकाच्या पहिल्या पंधरा-सोळा वर्षांत भारतात आलेल्या थेट परकीय गुंतवणुकीचा सुमारे एक तृतीयांश हिस्सा तेरा लाख वस्तीच्या या बेटावरून आल्याची नोंद आहे. त्यातला काही पैसा भारतातूनच जाऊन परका पोशाख घालून परतलेला, हा संशय तेव्हापासून आहे. २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही व्यवस्था वैध ठरवली. करार बदलला २०१६ मध्ये, आणि १ एप्रिल २०१७ पासून घेतलेल्या शेअरांवरचा नफा भारताच्या कराखाली आला.

पण नावाच्या प्रवासाचं सर्वांत चकित करणारं उदाहरण मुंबईचं आहे. फेब्रुवारी २००७ मध्ये व्होडाफोनने हचिसनचा भारतातला मोबाइल व्यवसाय घेण्याचा करार केला. मनोरे इथले, परवाने इथले, सिमकार्ड विकणारे टपरीवाले आणि कोट्यवधी ग्राहक इथले. व्यवहार झाला तो केमन बेटांवरच्या सीजीपी इन्व्हेस्टमेंट्स या कंपनीच्या शेअरचा. किती शेअर? एक. त्या एका शेअरच्या खाली कंपन्यांची लांब साखळी मॉरिशसमार्गे मुंबईपर्यंत आली होती. किंमत सुमारे ११ अब्ज डॉलर. विकणारी कंपनी भारतीय नाही, घेणारी नेदरलँड्सची, वस्तू केमनची. प्राप्तिकर खात्याने सुमारे ११ हजार कोटी रुपये मागितले. मुंबई उच्च न्यायालयाने २०१० मध्ये खात्याचं म्हणणं उचलून धरलं: एका शेअरबरोबर भारतातले हक्कही हस्तांतरित झाले आहेत. जानेवारी २०१२ मध्ये सरन्यायाधीश कपाडिया यांच्या पीठाने तो निकाल फिरवला. व्यवहार एकसंध म्हणून पाहावा, आणि सध्याचा कायदा तिथवर पोचत नाही, असं त्या निकालाचं सार.

दोन्ही न्यायालयं त्याच कागदांकडे पाहत होती. एकाला त्यात भारतातला मोबाइल व्यवसाय दिसला, दुसऱ्याला केमनचा शेअर. दोघांनाही दिसलं ते खरंच होतं. सरकारने त्यानंतर कायदा १९६२ पासून मागे जाऊन बदलला. माझ्या मते ते चुकलं, कारण खेळ संपल्यावर नियम बदलणाऱ्या पंचावर कोणी विश्वास ठेवत नाही. हेगच्या लवादाने २०२० मध्ये भारताविरुद्ध कौल दिला आणि २०२१ मध्ये ती दुरुस्ती मागे घेतली गेली. पुढच्या व्यवहारांसाठी मात्र भोक बुजलं आहे. फुटलेल्या कागदपत्रांचा पाठपुरावा याहून अवघड निघाला: पनामा पेपर्स आणि तशाच फुटलेल्या पॅराडाइज पेपर्समधल्या भारताशी संबंधित ९३० प्रकरणांत २०२१ पर्यंत २० हजार कोटींहून अधिक अघोषित रकमा सापडल्याचं सरकारने संसदेत सांगितलं, तोवर वसूल झालेला कर होता सुमारे १५४ कोटी.

मग जगात एकूण असं किती दडलेलं आहे, हे मोजायचं कसं? लपवलेलं मोजण्याची जी युक्ती गाब्रिएल झुकमान या फ्रेंच अर्थतज्ज्ञाने शोधली, तिच्यापुढे मी अजूनही थक्क होऊन उभा राहतो. प्रत्येक देश दरवर्षी नोंदवतो: आपल्या लोकांची परदेशात किती गुंतवणूक आहे आणि परक्यांची आपल्याकडे किती. सगळ्या जगाची बेरीज केली तर दोन्ही बाजू जुळायलाच हव्यात, कारण एकाचं देणं ते दुसऱ्याचं येणं. त्या जुळत नाहीत. वर्षानुवर्षं देणी जास्त भरतात. फ्रान्समधला एखादा धनिक स्विस बँकेमार्फत अमेरिकी शेअर घेतो. अमेरिका ‘परक्याचे’ म्हणून नोंदवते, स्वित्झर्लंड ‘आमचे नाहीत’ म्हणतं आणि फ्रान्सला पत्ताच नसतो. जगाच्या ताळेबंदात मालक नसलेली मालमत्ता उरते. त्या फरकाच्या आधाराने झुकमान यांनी अंदाज बांधला: जगभरच्या कुटुंबांच्या आर्थिक संपत्तीचा सुमारे ८ टक्के हिस्सा करस्वर्गांत आहे. नाव लपवता येतं, पण त्या लपवण्याने बेरजेत पडलेला खड्डा लपत नाही.

झुकमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे आणखी एक जुळणी केली. एचएसबीसीच्या स्विस शाखेतून फुटलेल्या याद्या आणि पनामा पेपर्स त्यांनी नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क यांच्या करनोंदींशी ताडून पाहिले. सर्वसाधारणपणे तिथे सुमारे ३ टक्के कर चुकवला जातो. सर्वांत श्रीमंत ०.०१ टक्के कुटुंबांत हे प्रमाण सुमारे २५ टक्के निघालं. पगारदार माणूस अधिक सज्जन असतो असं मी म्हणणार नाही. त्याचा कर पगारातून आधीच कापला जातो आणि त्याच्या नावाला प्रवास घडवून आणणारं दुकान त्याच्यासाठी उघडं नसतं.

या अवजारांची बाजू घेणारेही आहेत आणि त्यांचं सगळंच टाकाऊ नाही. दहा देशांच्या गुंतवणूकदारांना एकत्र भांडवल घालायचं तर कोणाच्याही कायद्याकडे न झुकणारी जागा लागते. हुकूमशाहीत राहणाऱ्या माणसाला आपली पुंजी राज्यकर्त्यांच्या नजरेआड ठेवण्याचं खरंखुरं कारण असतं. मासेमारीखेरीज फारसं काही नसलेल्या बेटांना नोंदणी शुल्कातून शाळा-दवाखाने चालवता आले. खासगीपणाचा मुद्दा तर न्यायालयात जिंकलासुद्धा: कंपन्यांच्या खऱ्या मालकांच्या नोंदी कोणालाही पाहता याव्यात हा युरोपीय संघाचा नियम तिथल्या न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये रद्द केला. मला तो निकाल पटत नाही. मर्यादित जबाबदारी हा समाजाने दिलेला मोठा हक्क आहे. तो घेणाऱ्याने निदान आपलं नाव सांगावं, एवढी अपेक्षा अवास्तव नाही.

आणि गोष्टी बदलतात, हे सांगितलंच पाहिजे. २०१७ पासून देश एकमेकांना बँक खात्यांची माहिती आपोआप कळवू लागले. भारतही पहिल्या तुकडीत होता, आता शंभरावर देश आहेत. पॅरिसस्थित युरोपीय कर वेधशाळेच्या २०२३ च्या अहवालाप्रमाणे, परदेशी खात्यांतून होणारी करचुकवेगिरी दहाएक वर्षांत साधारण एक तृतीयांशावर आली. स्विस बँकांचं गुपित कधी फुटणार नाही असं जगभरचे जाणकार सांगत होते, त्यानंतर फार वर्षं गेलेली नाहीत. त्याच अहवालाने दुसरी बाजूही मांडली: जगातले अब्जाधीश आपल्या संपत्तीच्या जेमतेम शून्य ते अर्धा टक्का एवढाच कर भरतात, आणि त्यासाठी त्यांना बेटाची गरजही उरलेली नाही. स्वदेशातलीच धारण-कंपनी लाभांश साठवत राहते, मालकाच्या हातात उत्पन्न येतच नाही.

म्हणून आता वाद एका नव्या जागी पोचलाय. झुकमान यांनी २०२४ मध्ये ब्राझीलच्या अध्यक्षपदाखालच्या जी-२० गटापुढे प्रस्ताव ठेवला, की जगातल्या सुमारे तीन हजार अब्जाधीशांनी दरवर्षी आपल्या संपत्तीच्या किमान २ टक्क्यांएवढा कर भरावा. मालमत्ता कोणत्या बेटावर, कोणत्या कंपनीच्या नावे, हा प्रश्नच बाजूला ठेवायचा आणि थेट माणसाला विचारायचं. फ्रान्सच्या नॅशनल असेंब्लीने फेब्रुवारी २०२५ मध्ये दहा कोटी युरोंहून अधिक संपत्तीवर असा कर मंजूर केला. देश सोडून गेलेल्यालाही तो पुढची पाच वर्षं लागू राहील, अशी तरतूद त्यात होती. जूनमध्ये सिनेटने तो फेटाळला, आणि त्या वर्षीच्या अर्थसंकल्पाच्या चर्चेत तो पुन्हा मांडला गेला तेव्हा असेंब्लीतही पडला. दोन्ही सभागृहांतली भाषणं मात्र कित्येक तास चालली, आणि त्यांत इजिप्तच्या जमिनींपासून धारण-कंपन्यांपर्यंतचा शंभर वर्षांचा तोच प्रश्न होता: कर वस्तूच्या पत्त्याला विचारायचा, की ती उपभोगणाऱ्या माणसाला?